घरच्या संगणकाची सुरक्षा: आधी काय, नंतर काय आणि काय सोडून द्यायचं?

पाटीपेन्सिल

नमस्कार. घरात विंडोजचा एकच लॅपटॉप आहे आणि तो तिघं वापरतात. ईमेल, बँक, बिलं, फोटो, मुलीचा अभ्यास, सगळं त्यावरच. ऑनलाइन सुरक्षेबद्दल कुठेही वाचायला गेलं की चाळीस-पन्नास सूचना अंगावर येतात, आणि सगळ्याच सारख्या महत्त्वाच्या वाटतात. एका दिवसात सगळं होणार नाही, म्हणून मला क्रम हवा आहे.

सध्याची स्थिती अशी. पासवर्ड मूळचे तीनच, शेवटी आकडा किंवा चिन्ह बदलून सगळीकडे वापरलेले, आणि ब्राउझरमध्ये साठवलेले. ओटीपी एसएमएसवर येतो. अँटिव्हायरस विंडोजबरोबर येतो तोच. बॅकअपसाठी बाहेरची एक हार्ड डिस्क आहे, ती कायम जोडलेली असते. तिघांचं मिळून एकच खातं आहे, ॲडमिनिस्ट्रेटरचं.

विचारायचं हे: पहिला हात कशाला घालावा? पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायलाच हवेत का? व्हीपीएन घ्यावा का? इन्कॉग्निटो खिडकीत बँक उघडली तर जास्त सुरक्षित असते का? आणि खाजगीपणासाठी खरोखर उपयोगी पडेल असं काय करता येतं?

---

कडीकोयंडा

पहिला हात ईमेलला. बँकेलाही नाही, ईमेलला. कारण बाकी जवळजवळ प्रत्येक खात्याचं "पासवर्ड विसरलात?" हे बटण तुमच्या इनबॉक्समध्येच येऊन पोचतं. इनबॉक्स ज्याच्या हातात, त्याला बाकीचे पासवर्ड ठाऊक असायची गरजच नाही, तो एकेक करून नवे लावत जातो. म्हणून आज अर्धाच तास असेल तर तो ईमेलवर घाला: नवा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड, दुसऱ्या टप्प्याची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणारी), आणि खात्यात नोंदवलेला पर्यायी ईमेल व फोन नंबर अजून तुमचाच आहे ना याची खात्री. ही शेवटची गोष्ट लोक वर्षानुवर्षं बघत नाहीत. बंद पडलेला जुना नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि तुमच्या खात्याची मागची दारं त्याच्याकडे उघडतात.

आता पासवर्ड. तीन पासवर्ड आलटूनपालटून वापरणं हा तुमच्या यादीतला सगळ्यात मोठा धोका आहे. खाती फोडणारे सहसा तुमच्या पासवर्डचा अंदाज बांधत बसत नाहीत. एखाद्या साइटची फुटलेली यादी घेतात आणि तीच ईमेल-पासवर्डची जोडी शेकडो दुसऱ्या साइट्सवर यंत्राने लावून पाहतात. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड साध्या मजकुरात बाहेर पडले. माणसं पासवर्ड कसे रचतात हे फोडणारे तेव्हापासून अशा खऱ्या याद्यांवरून शिकत आले आहेत. शेवटी १ च्या जागी २ करणं, ए च्या जागी @ घालणं, पहिलं अक्षर मोठं करणं, हे सगळं त्यांच्या अवजारांत तयार नियम म्हणून बसवलेलं असतं.

उपाय एकच, पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डखाली जपणारा प्रोग्रॅम. बिटवॉर्डन खुल्या स्रोताचं आहे, मोफत चालतं आणि फोन-संगणक दोन्हींवर तेच पासवर्ड आपोआप पोचवतं. आपला डेटा कुणाच्याही सर्व्हरवर नको असेल तर कीपासएक्ससी. त्यात सगळे पासवर्ड एका कूटबद्ध फाइलमध्ये राहतात आणि त्या फाइलचा बॅकअप ही तुमची जबाबदारी. दोन्हींत प्रत्येक साइटसाठी १६ ते २० अक्षरांचा यादृच्छिक पासवर्ड मॅनेजरलाच तयार करू द्या. तो तुम्हाला पाठ असायचं कारण नाही.

पाठ करायचा तो फक्त मुख्य पासवर्ड. तो स्वतःच्या डोक्यातून काढू नका, फासे टाकून काढा. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेली डाइसवेअर पद्धत अजूनही उत्तम आहे: पाच फासे टाकले की ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द मिळतो. असे सहा शब्द घेतले की शक्यता होतात साधारण २ वर तेवीस शून्यं इतक्या, आणि तरी ते दोन-तीन दिवसांत तोंडी बसतात. "हा शब्द आवडला नाही" म्हणून फासे पुन्हा टाकायचे नाहीत; आवडीनिवडी शिरल्या की यादृच्छिकपणा संपला.

मराठी शब्द घ्यायचे असतील तर रोमन लिपीत टंकावेत, आणि एका शब्दाचं एकच स्पेलिंग ठरवून घ्यावं. देवनागरीत पासवर्ड ठेवू नका. "ऱ्य" हे जोडाक्षर दोन वेगळ्या तऱ्हांनी टंकता येतं. पडद्यावर ते सारखंच दिसतं, आतले संकेतांक मात्र वेगळे असतात. एका कीबोर्डवर ठेवलेला पासवर्ड दुसऱ्या कीबोर्डवर चुकीचा ठरतो आणि का ते कळतही नाही.

मुख्य पासवर्ड विसरलात तर या कंपन्या तो परत देऊ शकत नाहीत, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. म्हणून तो कागदावर लिहा आणि कागद घराच्या महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पासवर्ड लिहून ठेवू नये हा जुना सल्ला कार्यालयातल्या पडद्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसाठी ठीक होता. दूर देशातल्या चोराला तुमच्या कपाटातला कागद दिसत नाही.

दर तीन महिन्यांनी बदलायचे? नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावणं बंद करा असंच सांगितलं. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात. पासवर्ड फुटल्याचं कळलं किंवा तसा संशय आला तर मात्र त्याच दिवशी बदला. फुटला आहे का हे ट्रॉय हंट यांच्या "हॅव आय बीन पोन्ड" या साइटवर बघता येतं. ती २०१३ पासून चालू आहे. पासवर्ड तिथे टाकून तपासायची भीती वाटणं साहजिक आहे, पण पूर्ण पासवर्ड पाठवलाच जात नाही. त्याचा ४० अक्षरी हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, तुमच्याच यंत्रावर काढला जातो, त्यातली फक्त पहिली ५ अक्षरं जातात, आणि उरलेली जुळणी तुमच्याच ब्राउझरमध्ये होते. बिटवॉर्डन आणि कीपासएक्ससीमध्ये हीच तपासणी आतून करता येते.

सगळी खाती एका बैठकीत बदलायला बसू नका, कंटाळा येऊन अर्ध्यावर सुटतं. ईमेल, बँक, फोनचं मुख्य खातं, सोशल मीडिया आणि कार्ड साठवलेली दुकानं एवढं पहिल्या आठवड्यात. बाकीची जेव्हा जेव्हा लॉगिन कराल तेव्हा एकेक.

---

बिनतारी

कडीकोयंडा यांच्याशी सहमत. दुसऱ्या टप्प्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण "ओटीपी आहे ना, मग झालं" हा समज लोकांना महागात पडतो.

एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा. त्याच्या उणिवा दोन. एक, तुमच्या नावाने दुसरं सिम काढून घेतलं गेलं की ओटीपी तिकडे जातो. फोनचं नेटवर्क अचानक गेलं आणि बराच वेळ आलं नाही तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला विचारा. दोन, खोट्या पानावर तुम्ही ओटीपी टाकला की समोरचा तो त्याच मिनिटात खऱ्या साइटवर वापरतो. ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे फोनवरच संकेत तयार करणारं ॲप, पहिली उणीव भरून काढतं, दुसरी नाही. त्यातला ६ आकडी संकेतही खोट्या पानावर टाकला तर तितकाच चोरीला जातो.

दोन्ही उणिवा जातात त्या पासकीने. पासकी म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची, उपकरणात साठवलेली किल्ली. तिच्यातलं गुपित तुमच्या उपकरणाबाहेर साइटकडे जातच नाही. साइट एक आव्हान पाठवते, उपकरण त्यावर सही करून परत देतं, आणि ही सही त्या साइटच्या नेमक्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्ता एका अक्षराने वेगळा असला तरी पासकी चालत नाही. यामागचं वेबऑथन हे मानक मार्च २०१९ मध्ये कायम झालं. तुमची ईमेल सेवा पासकी देत असेल तर तिथे आजच लावा, आणि एक नाही, दोन उपकरणांवर. एकच पासकी आणि तोच फोन हरवला, की स्वतःच्याच घराबाहेर उभं राहायची वेळ येते.

पासकी नसेल तिथे पासवर्ड मॅनेजरच तुमचा पहारेकरी. तो पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. नेहमी आपोआप भरणारा मॅनेजर एखाद्या पानावर गप्प बसला तर पासवर्ड नकलून चिकटवू नका. थांबा आणि पत्ता वाचा. पत्ता वाचायची रीत अशी: सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतरची पहिली एकेरी रेघ शोधा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. "माझीबँक.कॉम.लॉगिन-चेक.नेट" हा पत्ता माझीबँकेचा नाही, लॉगिन-चेक.नेटचा आहे. डावीकडे काहीही लिहिता येतं, मालकी उजवीकडे ठरते. फोनवर पत्त्याची पट्टी अरुंद असल्यामुळे नेमका महत्त्वाचा भाग दिसेनासा होऊ शकतो. म्हणून बँकेचं पान संदेशातल्या दुव्यावरून कधीच उघडू नका, स्वतः ठेवलेल्या बुकमार्कवरून उघडा.

आणि कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. ते एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. ती साइट कुणाची, हे ते सांगत नाही. असं प्रमाणपत्र आता कुणालाही मोफत आणि काही मिनिटांत मिळतं, ठगालाही. लोकांचा हा गैरसमज बघूनच क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप काढून तिथे वेगळं चिन्ह ठेवलं.

आणखी एक सापळा घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. पान उघडतं, "तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा" असं विचारतं आणि तीन पायऱ्या देतं: विंडोज+आर दाबा, कंट्रोल+व्ही दाबा, एंटर दाबा. दरम्यान त्या पानाने एक आज्ञा गुपचूप तुमच्या क्लिपबोर्डवर ठेवलेली असते. त्या तीन कळांनी ती तुम्हीच, तुमच्याच हाताने, तुमच्या संगणकावर चालवता, आणि बहुतेक वेळा ती पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम उतरवते. कुठलीही खरी पडताळणी ब्राउझरच्या बाहेर जायला सांगत नाही. असं सांगितलं की टॅब बंद.

---

पाटीपेन्सिल

दोघांचेही आभार, ईमेलचं काम आजच घेतो. दोन शंका. पासवर्ड ब्राउझरमध्येच ठेवले तर काय बिघडतं? आणि ऑथेंटिकेटर असलेला फोन हरवला तर?

---

कडीकोयंडा

ब्राउझरमध्ये साठवलेला वेगवेगळा पासवर्ड हा डोक्यात ठेवलेल्या एकसारख्या पासवर्डपेक्षा नक्कीच बरा. अडचण तुमच्या बाबतीत आहे, कारण तिघं एकाच खात्यात बसता. ब्राउझर हे पासवर्ड विंडोजच्या त्या वापरकर्त्याच्या किल्लीने बंद करतो. म्हणजे त्या खात्यात जो कुणी बसेल, आणि त्या खात्यात जो प्रोग्रॅम चालेल, त्याला ते उघडण्याची वाट सापडू शकते. पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम सगळ्यात आधी तिथेच हात घालतात. स्वतंत्र मॅनेजर ५-१० मिनिटांत आपोआप बंद होईल असं लावलं तर हा धोका कमी होतो. संपत नाही, कारण मॅनेजर उघडा असताना यंत्रावर चोर असेल तर तोही वाचू शकतो.

फोन हरवण्याची तयारी आधीच करायची. दुसरा टप्पा चालू करताना साइट राखीव संकेत देते. गूगल ८ आकडी असे १० संकेत देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापा आणि मुख्य पासवर्डच्या कागदासोबत ठेवा. त्याच संगणकावर "राखीव.टीएक्सटी" नावाच्या फाइलमध्ये ठेवू नका.

---

गवाक्ष

खाजगीपणाच्या प्रश्नांना अजून कुणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. आधी जे सोडून द्यायचं ते.

इन्कॉग्निटोने बँक जास्त सुरक्षित होत नाही. ती खिडकी बंद केली की तुमच्याच संगणकावरचा इतिहास आणि कुकीज (साइट्सनी ओळखीसाठी ठेवलेल्या छोट्या फाइल्स) पुसल्या जातात, एवढंच तिचं काम. साइटला तुम्ही दिसता, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला दिसता, आणि संगणकात चोर प्रोग्रॅम असेल तर त्यालाही दिसता. दुसऱ्याच्या संगणकावर पाच मिनिटं ईमेल बघायचा असेल तर उपयोगी. त्यातही उतरवलेल्या फाइल्स मागे राहतात हे लक्षात ठेवा.

व्हीपीएन, म्हणजे तुमची इंटरनेटवरची सगळी ये-जा आपल्या सर्व्हरमधून नेणारी सेवा, विश्वासाची जागा बदलते, इतकंच. तुम्ही कोणत्या साइट्सवर जाता हे आज इंटरनेट कंपनीला दिसतं, उद्या ते व्हीपीएन कंपनीला दिसेल. पानांचा मजकूर एचटीटीपीएसमुळे (साइटशी होणारं बोलणं वाटेत बंद ठेवणारी पद्धत) आधीच दोघांनाही दिसत नाही. खोट्या पानापासून, चोरीच्या प्रोग्रॅमपासून, फुटलेल्या पासवर्डपासून व्हीपीएन वाचवत नाही. घरच्या वापरासाठी मी ते यादीत अगदी शेवटी ठेवीन, आणि मोफत व्हीपीएन यादीतून काढूनच टाकीन. कुणाचे तरी सर्व्हर आणि त्यांचा खर्च चालू असतो, तो तुमच्या माहितीतून भरून निघत नाही याची खात्री तुम्हाला करता येत नाही.

त्याऐवजी दहा मिनिटांत डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदला. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी" या भागात खाली "डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस" सापडतं. तिथे "कस्टम" निवडून क्वाड९ या डीएनएस सेवेचा पत्ता टाकला तर ज्ञात फसव्या पत्त्यांची पानं उघडतच नाहीत. हीच सेवा (९.९.९.९) राउटरमध्ये लावली तर घरातली सगळी उपकरणं त्याखाली येतात.

जाहिराती अडवणारं विस्तारक (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, एक्स्टेन्शन) मी सुरक्षेचं साधन मानतो, कारण शोधनिकालात सगळ्यात वर दिसणारा "डाउनलोड" हा अनेकदा जाहिरातीचा दुवा असतो आणि खऱ्या सॉफ्टवेअरच्या नावाने खोटं उतरवायला लावतो. फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमने विस्तारकांचे नियम बदलल्यामुळे तिथे त्याची "लाइट" आवृत्ती मिळते. ती काहीशी मर्यादित आहे, तरी घ्यावी. विस्तारक असं एक किंवा दोनच ठेवा. "सर्व वेबसाइटवरची माहिती वाचणे आणि बदलणे" ही परवानगी ज्याला दिली त्याला तुमचं बँकेचं पानही वाचता येतं. आज चांगलं असलेलं विस्तारक उद्या विकलं जाऊ शकतं. द ग्रेट सस्पेंडर हे लाखो लोक वापरत असलेलं विस्तारक २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते घातक ठरवून बंद करावं लागलं. वापरणाऱ्यांनी काहीच चूक केली नव्हती, अपडेट आपोआप आलं होतं.

माग काढणाऱ्या कुकीजचं काम फायरफॉक्स आणि सफारी आपणहून बरंचसं करतात. क्रोममध्ये "थर्ड-पार्टी कुकीज" ब्लॉक करणं तुम्हाला स्वतः निवडावं लागतं.

"माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने साधारण साडेसहा लाख वापरकर्त्यांचे सुमारे २ कोटी शोध संशोधनासाठी खुले केले. नावं काढून फक्त क्रमांक ठेवले होते. काही दिवसांतच पत्रकारांनी नुसत्या शोधांवरून एका महिलेचं घर गाठलं. आपण काय शोधतो यात आपलं गाव, आडनाव, आजार, चिंता सगळं असतं. म्हणून गूगल खात्यात "वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी" उघडा आणि निदान ३ महिन्यांनी आपोआप पुसण्याची मुदत लावा. फोनवर प्रत्येक ॲपची ठिकाणाची परवानगी "फक्त वापरताना" करा, आणि नकाशा किंवा हवामान सोडून बाकीच्यांना नेमकं ठिकाण देऊ नका.

फोटोंबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण घरात मुलगी आहे. फोनने काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश लिहिलेले असू शकतात. ईमेलने पाठवलेल्या फोटोत ते तसेच जातात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर निघून जातात, "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर राहतात. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तळाशी "रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फॉर्मेशन". ओळखपत्र किंवा बिल पाठवताना क्रमांक झाकायचा असेल तर फोनमधला हायलायटरचा काळा रंग वापरू नका. तो किंचित पारदर्शक असतो आणि चित्राची उजळता वाढवली की खालचे आकडे दिसू लागतात. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर निवडून नकलता येतो. भरीव चौकोन ठेवा, त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो पाठवा. कापलेल्या चित्रांचीही एक गोष्ट आहे: मार्च २०२३ मध्ये कळलं की पिक्सेल फोनच्या आणि विंडोजच्या स्क्रीनशॉट कापणाऱ्या साधनांत कापलेला भाग फाइलच्या शेपटीत उरत होता आणि परत काढता येत होता. चूक दुरुस्त झाली, पण तेव्हा पाठवलेली चित्रं जिथे आहेत तिथे आहेत.

---

दुरुस्तीवाला

यंत्राच्या बाजूने सांगतो.

अपडेट पुढे ढकलू नका. वॉनाक्राय हे फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर १२ मे २०१७ ला जगभर पसरलं, आणि ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिने हाताशी होते. तुमच्याकडे विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, ती मुदतीपुरतीच असते. अशा यंत्रावर बँक चालवत राहू नका.

तिघांना तीन खाती करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्स. आणि तिन्ही "स्टँडर्ड". ॲडमिनिस्ट्रेटरचं चौथं खातं वेगळं ठेवा, ते फक्त सॉफ्टवेअर बसवताना पासवर्ड टाकण्यापुरतं. रोज त्यात बसायचं नाही. असं केलं की मुलीने चुकून उतरवलेला खेळ सगळ्या यंत्रात हात घालू शकत नाही, आणि तिच्या खात्यातून तुमचे ब्राउझरमधले पासवर्ड वाचता येत नाहीत. आधीचं खातं स्टँडर्ड करण्याआधी नव्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्यात एकदा लॉगिन करून बघा.

फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, शो, "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" चालू करा. विंडोज मुळात शेपूट लपवतं, त्यामुळे "बिल.पीडीएफ.ईएक्सई" ही फाइल नुसती "बिल.पीडीएफ" दिसते. तिच्यावर पीडीएफचं चित्र डकवणं अगदी सोपं असतं.

विंडोजबरोबर येणारा अँटिव्हायरस, म्हणजे डिफेंडर, पुरेसा आहे. दुसरा अँटिव्हायरस बसवू नका, आणि "क्लीनर", "बूस्टर" नावाचं काहीही बसवू नका.

तुमची जोडलेली हार्ड डिस्क हा बॅकअप नाही. खंडणीखोर प्रोग्रॅम जोडलेल्या सगळ्या डिस्क कूटबद्ध करतो, तीही जाते. डिस्क आठवड्यातून एकदा जोडा, नक्कल झाली की काढून ठेवा. अतिमहत्त्वाचे फोटो आणि कागद आणखी एका ठिकाणी, घराबाहेर किंवा क्लाउडवर. पण क्लाउडवरचं सिंक म्हणजेही बॅकअप नव्हे. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. वनड्राइव्हच्या घरगुती खात्यात कचरापेटीतून परत काढायला ३० दिवस मिळतात, नंतर नाही. आणि दर काही महिन्यांनी त्या डिस्कवरच्या चार-पाच फाइल्स दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. बॅकअप रिकामा किंवा सडलेला आहे हे कळण्याची वेळ गरज पडल्यावरची नसावी.

लॅपटॉप चोरीला गेला तर विंडोजचा पासवर्ड डिस्कचं रक्षण करत नाही. ती काढून दुसऱ्या यंत्राला लावली की सगळं वाचता येतं. त्यासाठी डिस्क कूटबद्ध हवी. सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" शोधा. नव्या विंडोज ११ यंत्रांवर ते अनेकदा आपोआपच चालू असतं, आणि इथेच लोक अडकतात: मदरबोर्ड बदलला किंवा बायॉसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) फेरफार झाला की यंत्र ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. आजच तिथून उतरवून कागदावर घ्या. ती नसेल तर डेटा कुणालाही काढता येत नाही, दुरुस्ती करणाऱ्यालाही नाही. जुना लॅपटॉप देऊन टाकतानाही याचाच उपयोग होतो. एसएसडीवर पुसलेली फाइल राखीव कप्प्यांत उरू शकते, पण डिस्क आधीपासून कूटबद्ध असेल तर "रिमूव्ह एव्हरीथिंग"ने रीसेट केल्यावर उरलेले तुकडे निरर्थक होतात.

राउटरमध्ये तीन गोष्टी: व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदला, बाहेरून व्यवस्थापन बंद करा, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा. डब्ल्यूपीएसचा ८ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो. हे २०११ मध्येच दाखवून झालं आहे.

---

पाटीपेन्सिल

खूप मोलाची माहिती. आज ऑथेंटिकेटर लावला, पण ६ आकडी संकेत "चुकीचा" म्हणून परत येतोय. आणि तो विंडोज+आरचा सापळा: समजा घरात कुणी त्या कळा दाबूनच बसलं, तर कोणत्या क्रमाने काय करायचं?

---

बिनतारी

संकेताचं कारण जवळजवळ नेहमी घड्याळ असतं. हा संकेत गुप्त किल्ली आणि चालू वेळ यांवरून दर ३० सेकंदांनी नव्याने निघतो. फोनचं घड्याळ एक-दोन मिनिटं जरी पुढेमागे असलं तरी सर्व्हरचा आणि तुमचा संकेत जुळत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ "आपोआप" करा आणि नव्याने येणारा संकेत टाका. मग लगेच राखीव संकेत छापा.

दुसऱ्या प्रश्नात क्रम फार महत्त्वाचा. आधी संगणकाचं वायफाय तोडा. त्यानंतरचं सगळं *दुसऱ्या* उपकरणावरून, समजा फोनवरून, तेही शक्यतो मोबाइल डेटावर. बाधित यंत्रावर बसून पासवर्ड बदलले तर नवेही चोरालाच मिळतात.

फोनवरून प्रथम ईमेल: पासवर्ड बदला आणि "सर्व उपकरणांवरून साइन आउट" करा. हे दुसरं वगळू नका. असे प्रोग्रॅम पासवर्डसोबत लॉगिन झालेल्या ब्राउझरच्या कुकीज उचलतात. तशी कुकी हाती असली की पासवर्डही लागत नाही, ओटीपीही नाही, चोर थेट आत. काही सेवांत पासवर्ड बदलूनही जुनी सत्रं चालू राहतात. मग ईमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर्स बघा. "बँकेचे सगळे मेल या पत्त्यावर पाठव आणि इथून पुस" असा नियम ठेवून चोर निघून जातो आणि पासवर्ड बदलल्यावरही मेल त्याला मिळत राहतात. पर्यायी ईमेल, फोन नंबर, नोंदवलेल्या पासकी आणि खात्याला जोडलेली तिसरी ॲप्सही तपासा; अनोळखी दिसेल ते काढा.

त्यानंतर बँकेला फोन, कार्डाच्या मागे छापलेल्या किंवा पासबुकातल्या नंबरवर, शोधनिकालात मिळालेल्या नंबरवर नाही. कार्ड ब्राउझरमध्ये साठवलेलं असेल तर ते बंद करून नवं मागा. मग पासवर्ड मॅनेजरचा मुख्य पासवर्ड, आणि मग बाकीची खाती.

---

दुरुस्तीवाला

आणि यंत्र? डिफेंडरने "काही सापडलं नाही" म्हटलं म्हणून तेच यंत्र तसंच वापरू नका. यातले बरेच प्रोग्रॅम मिनिटभरात काम उरकून स्वतःला पुसतात, त्यामुळे नंतर काही सापडत नाही आणि चोरी झालेलीच असते. फक्त कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढा, कोणतीही ईएक्सई किंवा इन्स्टॉलर नाही. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून "मीडिया क्रिएशन टूल" घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवा. पेनड्राइव्ह त्यात पूर्ण पुसली जाते, म्हणून रिकामीच घ्या. त्यावरून सुरू करून इन्स्टॉल करताना जुनी सगळी पार्टिशनं पुसून टाका. डिस्कची ४८ आकडी रिकव्हरी की पेनड्राइव्ह लावण्याआधी कागदावर आहे ना ते बघा. मध्येच काही फाइल राहिल्याचं आठवलं तर जुन्या डिस्कमध्ये तिच्याशिवाय शिरता येणार नाही.